पाठीमागे समुद्र

आमच्या गावाहून कुठल्याही दिशेने निघालं तरी समुद्र लांबच. गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला टेकून असलेलं आमचं गाव. मोठं पाणी म्हणजे काय, तर पावसाळ्यात फुगलेली वर्धा, नाहीतर मायच्या माहेरी सिरोंच्याकडे प्राणहितेचं पात्र. मी शाळेत शिकवते. तीन बाजूंनी पाणी असलेल्या भूभागाला द्वीपकल्प म्हणतात हे मी कितीतरी वर्गांना घोकायला लावलं, पण त्या तीनपैकी एकही बाजू स्वतः पाहिलेली नव्हती.

तो योग आला भावामुळे. माझा धाकटा भाऊ विशाखापट्टणमला एका कारखान्यात लागला, तिथलाच झाला, आणि मागल्या हिवाळ्यात त्याला मुलगी झाली. त्याच्या बायकोला आई नाही. बाळंतिणीजवळ घरचं कोणी मोठं माणूस हवं म्हणून त्याने मला फोन केला आणि जरा चाचरतच विचारलं, माय येईल का? मी म्हटलं, विचारून पाहते. माय त्या दिवसांत अंगणाच्या बाहेरही एकटी पाऊल टाकत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

असं का होतं ते आधी सांगायला हवं.

आमच्या शेजारी एक गोंड कुटुंब राहतं. त्या घरची बाई म्हणजे आमची काकी. नात्याने काही नव्हती, पण ती आणि माय एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या आणि तेव्हापासून दोघींचं सगळं जोडीनं. सरपण जोडीनं, तेंदूपत्ता जोडीनं, बाजार जोडीनं. मोहफुलांच्या दिवसांत उजाडता उजाडता दोघी टोपल्या घेऊन निघायच्या. काकी पहिली ओंजळ झाडाच्या बुडाशी वाहायची आणि मगच टोपलीला हात लावायची. तिचं पाहून मायही तसंच करायला लागली होती.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी दोघी एका मोहाखाली वाकून फुलं वेचत होत्या. माय पुढे होती, काकी मागे. वाघाने काकीला नेलं. मायच्या कानावर आला तो फक्त टोपली कलंडल्याचा आवाज. वळून पाहिलं तर टोपली होती आणि फुलं सांडलेली होती.

पुढचं गावाने केलं. माणसं धावली, वनखात्याचे लोक आले, काकीला आणलं, त्यांच्या रीतीप्रमाणे माती दिली. काही आठवड्यांनी तो वाघ दूर कुठेतरी धरला गेला असंही कळलं. सगळं झालं, पण माय त्या झाडाखालून घरी आलीच नाही असं मला वाटायचं. ती कुठेही बसली तरी पाठ भिंतीला लावून बसायची. भिंत नसेल तर बसायचीच नाही. चार पावलं चालली की मागे वळून पाहायची, पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे. भाकरी थापताना तिची पाठ दाराकडे यायची, म्हणून तिने चूल फिरवून घेतली. खात्याने गावात डोक्यामागे बांधायचे मुखवटे वाटले होते. वाघ समोरून धरत नाही, मागून येतो, म्हणून मागेही चेहरा. मायने तो मुखवटा हातात घेऊन पाहिला आणि परत देऊन टाकला. म्हणाली, याचे डोळे उघडे हायेत पण याले दिसत नाई.

तिचे मागचे डोळे मग मी झाले. नळावर जायचं तर मी मागे. मोरीत जायचं तर मी दाराशी. मी लग्न केलं नाही आणि बाबा कधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही दोघीच होतो. शाळेत जाताना मी तिला काकीच्या सुनेच्या हवाली करून जायची. शाळा सुटली की मी एसटीची वाट पाहत रस्त्यावर येरझाऱ्या घालायची. मध्ये एकदा तिला चंद्रपूरला मामाच्या मुलाकडे नेऊन ठेवलं, शहर आहे, जरा मोकळी होईल म्हणून. तिथे आठवड्यातच शेजारपाजारी बोलायला लागले की कोळसा खाणीच्या मागच्या झुडपात पट्टेवाला वाघ दिसला. माय दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत परत आली. मीही तिला समजावणं सोडून दिलं होतं. समजावायचं काय? तिची भीती खोटी नव्हती.

तर भावाचं बोलणं मी तिच्या कानावर घातलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग विचारलं, "कितव्या मजल्यावर राहते तो?"

"तिसऱ्या."

"मंग चाल."

आम्ही बल्लारशाहून गाडी धरली. डब्यात ती खिडकीपाशी, पाठ फळीला घट्ट लावून बसली आणि गाडीभर ओळखीपाळखी होत असताना ही आपली दोन्ही बाजूंचे दरवाजे पाहत राहिली. सिरपूर गेलं, वरंगल गेलं. बाहेर तेलुगू पाट्या लागल्या तशी माझी जीभ बसली, कारण मला तेलुगू येत नाही. मायचं माहेर सीमेवरचं. ती लहानपणी तेलुगूच बोलायची, पण आमच्या गावात आल्यावर ते बोलायला कोणी नव्हतं आणि मी ते तिच्या तोंडून क्वचितच ऐकलं होतं. गाडीत चहावाल्याला तिने एकदम तेलुगूत हटकलं की चहा कोमट आहे, तेव्हा मी चमकून पाहिलं. चहावाला हसला आणि दुसरा कप देऊन गेला.

भावाच्या घरी ती रमली. तिसरा मजला तिला फारच मानवला. गॅलरीत उभं राहून खाली वाकून पाहायची आणि म्हणायची, इतक्या वर काय येते. सकाळी बाळाला तेल लावून पायावर घेऊन आंघोळ घालायची, मग सुनेला शेकायची, मग डिंकाचे लाडू. मी पाहत होते, कामात असली की तिची मान मागे वळायची विसरत होती. पण खाली उतरायचं नाव नाही. भाजी आणायला चल म्हटलं तर तू जा म्हणायची.

आम्ही गेलो तेव्हा समुद्रावर कमी दाबाचा पट्टा का काय तो आलेला होता. दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला. मग पाऊस थांबला, पण ढग गेले नाहीत आणि वारा तर इतका की गॅलरीतली लंगोटं चिमट्यांसकट उडून शेजाऱ्यांकडे जायची. विशाखापट्टणमला थंडी पडत नाही असं भाऊ सांगत होता, तरी त्या आठवड्यात आम्ही शाली काढल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी भाऊ कामाला निघता निघता म्हणाला, इथवर आल्या आणि समुद्र न पाहता जाल का? रिक्षाने पाच मिनिटांवर आहे. वहिनी म्हणाली, माझी मैत्रीण येते आहे सोबतीला, तुम्ही दोघी जाऊन या.

मायने भावाला विचारलं, "तिथी झाडी आहे का?"

"नाई माय. नुसती रेती हाय अन् पानी."

"झुडपं?"

"काहीच नाई. लांबपर्यंत साफ."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती उठली आणि शाल डोक्यावरून घेतली.

रिक्षाने आम्हाला समुद्राकाठच्या रस्त्यावर सोडलं. मोठा रुंद रस्ता, एका बाजूला उंच इमारती आणि हॉटेलं, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याच्या खाली वाळू. रस्त्याच्या कडेला एक जुनी पाणबुडी पाण्यातून काढून जमिनीवर ठेवलेली आहे, लोक तिकीट काढून आत जातात. मी तिच्याकडे पाहत होते तेवढ्यात मायने माझं मनगट धरलं. ती समोर पाहत होती.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो असा, मनगट दुखत असताना. राखाडी, अगदी आभाळाच्याच रंगाचा, आणि सबंध हलत असलेला. त्याचा आवाज मला अनोळखी वाटला नाही. सागवानाच्या जंगलात वारा शिरला की आलापल्लीकडे असाच आवाज येतो, फक्त इथे तो थांबत नव्हता. वारा अंगावर येऊन आदळत होता आणि ओठांवर लगेच मीठ. हवा गार होती. फिरायला आलेले लोक कानटोप्या घालून तिरके होऊन चालत होते. वाळूत लाल झेंडे रोवले होते आणि खाकी चड्डीतला एक जीवरक्षक पाण्याच्या जवळ जाणाऱ्या पोरांना शिटी मारून मागे बोलावत होता.

आम्ही पायऱ्या उतरलो. माय खाली आली ती कठड्याच्या दगडी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मला ते अपेक्षितच होतं. मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डावीकडे वाळू लांबवर जात होती आणि शेवटी एक डोंगर पाण्यात उतरला होता. उजवीकडे बंदराच्या क्रेन. मध्ये लपायला जागा अशी कुठेच नाही. एक कुत्रं पार तिकडे चाललं होतं तेही स्वच्छ दिसत होतं.

"पान्यातून काही येते का?" तिने विचारलं.

"काही येत नाई माय. लाटा येते."

"त्या तर दिसूनच राह्यल्या."

बराच वेळ आम्ही तशाच उभ्या होतो. तिचा पदर वाऱ्याने सारखा उडत होता, शेवटी तिने तो कमरेला खोचला. मग तिने भिंतीपासून पाठ सोडवली. एकच पाऊल. मी पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही. थोड्या वेळाने तिने चप्पल काढली आणि वाळूत पाय दाबून पाहिला, जसा शेतात चिखल किती आहे ते पाहतात.

कठड्यावर एक माणूस कुरमुऱ्यांत कांदा, टोमॅटो आणि लिंबू घालून कागदाच्या सुरळीत देत होता. वास आला तशी मला भूक लागली. मायला म्हटलं, इथीच उभी राहा, मी घेऊन येतो. ती हो म्हणाली. पायऱ्या चढून मी रांगेत उभी राहिले. पुढे दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मधून मधून मी वळून पाहत होते, सवयच होती. मग माझा नंबर आला, मी तिखट किती ते खुणेने सांगितलं, सुरळ्या घेतल्या, वळले, आणि भिंतीपाशी माय नव्हती.

चप्पलही नव्हती.

मला आधी काही कळलंच नाही. ज्या बाईने कित्येक वर्षांत नळापर्यंतही एकटीने पाऊल टाकलं नाही, ती जाऊन जाऊन कुठे जाईल? मग माझी नजर लाटांवर गेली. झाडी नाही, झुडपं नाहीत, एवढंच आम्ही पाहिलं होतं. लाल झेंडे कशासाठी असतात ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी पायऱ्या उतरून पळत पाण्यापर्यंत गेले. हाका मारल्या. वारा इतका होता की माझी हाक मलाच ऐकू येईना. जीवरक्षकाजवळ गेले, हिंदीत विचारलं, एक बूढ़ी औरत, हरी साड़ी. त्याने आधी पाण्याकडे पाहिलं, तो क्षण मी विसरणार नाही. मग त्याने मान हलवली आणि हात लांब करून डोंगराच्या दिशेला दाखवलं.

तिकडे, खूप पुढे, पाण्याच्या काठाने एक हिरवी साडी चालली होती.

मी धावत सुटले. कुरमुरे कधी सांडले कळलं नाही. जवळ जाता जाता ओळख पटली. मायच होती, चप्पल हातात, पदर खोचलेला. मी पुन्हा हाक मारली. तिने ऐकलं नाही, वारा समोरून होता. मी आणखी धावले, आणखी एक हाक तोंडात आली, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

ती मागे पाहत नव्हती.

मी थांबले. श्वास लागला होता. चार पावलं झाली, दहा झाली, ती चालतच होती, सरळ, मान न वळवता, लाट पायाशी आली की थोडं बाजूला होऊन. लग्नाआधी प्राणहितेच्या काठाने अशीच चालत असेल. मी हाक गिळली. तिच्या मागे अंतर ठेवून चालायला लागले, आणि किती दिवसांनी मी तिच्या मागे होते पण राखण करत नव्हते. डोळ्यांना पाणी आलं होतं. वाऱ्याने असेल.

पुढे मासेमारीच्या नावा वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या, निळ्या-पिवळ्या. त्यांच्या अलीकडे तीन-चार बायका एक मोठं जाळं पसरून बसल्या होत्या आणि त्याच्या फासांत अडकलेली बारीक चंदेरी मासळी सोडवून टोपल्यांत टाकत होत्या. माय त्यांच्याजवळ थांबली. मी पोहोचले तेव्हा त्यांच्यातली सर्वांत म्हातारी, काळीसावळी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेली बाई मायशी बोलत होती आणि माय तिला तेलुगूत उत्तरं देत होती. आधी अडखळत, मग भराभर. मला पाहून माय अगदी सहज म्हणाली, "आली का? हे कोळीण म्हनून राह्यली, कुठून आल्या. मी सांगतलं, जंगलातून."

म्हातारी हसली आणि बाजूच्या वाळूवर हात आपटला. "कूर्चो अम्मा." बस म्हणत होती.

माय बसली नाही. ती त्या बायकांकडे पाहत होती. सगळ्याच्या सगळ्या समुद्राकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, दगड फेकला तर लागेल इतक्या अंतरावर, लाटा उसळून फुटत होत्या. मायने म्हातारीला काहीतरी विचारलं. म्हातारीने जाळ्यातून वर न पाहता उत्तर दिलं. मी मायला विचारलं, काय म्हणते ही.

"मी इचारलं, याच्याकडे पाठ करून काऊन बसता, भ्या नाई वाटत? ते म्हनते, तोंड तिकडं केलं तर डोळ्यात खारं उडते, मासा दिसत नाई."

एवढंच कारण होतं. मायला ते पटल्यासारखं दिसलं. तिने साडी सावरली आणि म्हातारीच्या शेजारी बसली, समुद्राकडे पाठ करून. मागे भिंत नव्हती, मी नव्हते. मी समोर होते. तिने जाळ्याची एक घडी मांडीवर ओढली आणि मासे सोडवायला लागली. मोहफुलं वेचलेली बोटं ती, पाहता पाहता लागली कामाला.

बोलता बोलता मायच्या तोंडून एक शब्द निघाला जो मला कळला. पुली. म्हणजे वाघ. म्हातारीचे हात थांबले. माय खाली मान घालून, मासे काढत काढतच सांगत राहिली. बरंच सांगितलं. मला एकही वाक्य धड समजत नव्हतं, पण ती काय सांगते ते समजत होतं, कारण हाताने तिने एकदा झाड दाखवलं, एकदा पुढे स्वतःला आणि एकदा मागे. आमच्यापैकी कोणाला तिने हे असं सगळं सांगितलं नव्हतं. पंचनाम्याच्या वेळीही तिच्याऐवजी काकीचा मुलगाच बोलला होता.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि एक छोटासा प्रश्न विचारला. मायने मान हलवून नाही म्हटलं. म्हातारी पुढे चार शब्द बोलली आणि पुन्हा जाळ्याला लागली.

त्यानंतर थोड्याच वेळात एक मोठी लाट आली. त्या बायकांना ती पाठीने कळली असावी, त्या बसल्या जागी टोपल्या वर उचलून मोकळ्या झाल्या. मायला कळलं नाही. पाणी वाळूवरून सरसर येऊन तिला मागून कमरेपर्यंत भिजवून गेलं. ती ताठ झाली. चेहरा पांढराफटक, हातातला मासा हातातच. मी उठून तिच्याकडे झेपावणार होते. ती हात मागे नेऊन चाचपडायला लागली, ओली साडी, ओली वाळू, परत जाणारं पाणी. मग तिने वळून पाहिलं. मागे समुद्र होता. नुसता समुद्र.

आणि माय हसली. आधी नाकातून, मग तोंडाला पदर लावून, मग पदरही सोडून. त्या बायका हसल्या, मी हसले. काकी गेल्यापासून तिच्या हसण्याचा आवाज मी ऐकलेला नव्हता. मला तो बदललेला वाटला, जरा जाडसर. की मीच विसरले होते, कोण जाणे.

निघताना म्हातारीने मूठभर मासळी केळीच्या पानात बांधून दिली. परत येताना वारा आता पाठीवर होता, ढकलत होता. ओली साडी पायात अडकत होती तरी माय चांगली चालत होती. मी विचारलं, त्या बाईने तुला काय विचारलं होतं?

माय म्हणाली, "तिनं इचारलं, त्या बाईनं तुले हाक मारली होती का?"

"मग?"

"नाई मारली. मारूच शकली नाई बिचारी. तर हे म्हनते, मंग तुले कसं माहीत पडलं असतं?"

मी म्हटलं, माय, हेच तर आम्ही तुला सांगत होतो. काकीचा मुलगा सांगत होता, तिची सून सांगत होती, सगळं गाव सांगत होतं.

"तुमी सगळे घरचे," ती म्हणाली. "मले बरं वाटावं म्हनूनच सांगान. हिले काय पडली होती माया मनाची."

मग चालता चालता तिने मला ते सगळं मराठीत सांगितलं. त्या सकाळी काकी सुनेच्या माहेरचं काहीतरी गमतीचं सांगत होती. बोलता बोलता थांबली. मायला वाटलं, फुलं जास्त पडली असतील, वेचण्यात गुंतली असेल. म्हणून तिने लगेच मागे पाहिलं नाही. तेवढंच तिच्या जिवाला लागलं होतं, मागे पाहिलं नाही हे. मला वाटत होतं ती वाघ येतो का म्हणून वळून पाहते. ती काकीला पाहत होती.

मी तिचा हात धरला. तिने थोडा वेळ धरू दिला, मग चप्पल दुसऱ्या हातात घ्यायची म्हणून सोडवून घेतला.

घरी आल्यावर वहिनीने आमचा अवतार पाहून कपाळाला हात लावला आणि मायला आधी गरम पाण्याने आंघोळ करायला लावली. मासळी मायने स्वतः साफ केली, तिखट-मीठ लावून तव्यावर परतली. संध्याकाळी भाऊ आला तेव्हा त्याला सगळं सांगताना ती लाटेपर्यंत येऊन पुन्हा हसायला लागली. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. जेवून झाल्यावर हळूच गॅलरीत येऊन म्हणाला, ताई, काय केलंस तू? मी म्हटलं, मी कुरमुरे घ्यायला गेली होती.

आम्ही पुढे तीन आठवडे राहिलो. बाळाची आंघोळ उरकली की माय रोज समुद्रावर जायची. पहिले काही दिवस मी सोबत गेले, पण मी कठड्यावरच बसायची. नंतर ती वहिनीच्या मैत्रिणीच्या सासूसोबत जाऊ लागली आणि मी घरी वर्तमानपत्र वाचत लोळायची. कोणाच्याही मागे उभं न राहता पूर्ण सकाळ काढायची म्हणजे काय, हे मी विसरून गेले होते. पहिल्या दिवशी तर काय करावं सुचेना, म्हणून मी डाळ-तांदूळ निवडले. दुसऱ्या दिवशी झोपले.

गावी परतलो तेव्हा मला धास्ती होती. तिथे समुद्र होता, मोकळं होतं. इथे अंगणापलीकडे लगेच जंगल. आणि खरं सांगायचं तर सगळं काही पालटलं नाही. माय जंगलात जात नाही. जाऊही नये. मागच्याच महिन्यात शेजारच्या गावच्या शिवारात दोन बछड्यांसह वाघीण दिसली. भाकरी थापताना ती अजून दाराकडे तोंड करूनच बसते. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आपली आपण उठून शेजारी गेली आणि काकीच्या सुनेला आणि मुलाला समोर बसवून त्या सकाळचं सगळं सांगितलं. काकी काय सांगत होती, कुठल्या गोष्टीवर थांबली. सून रडली. मग म्हणाली, ती गोष्ट खरीच घडली होती, माझ्या भावाच्या लग्नात, आणि उरलेली अर्धी तिने मायला सांगितली. मी दारात उभी होते. माय ऐकत होती, पाठ खाटेच्या कडेला, मागे नुसतं मोकळं अंगण आणि कोंबड्या.

आता ती नळावर एकटी जाते. संध्याकाळी अंगणात खाट टाकून शेजारणींशी बोलत बसते, अंधार पडायच्या आत उठते. मध्ये मला गडचिरोलीला प्रशिक्षण होतं, मुक्कामाचं. मी नाही म्हणून कळवणारच होते. मायने विचारलं, काऊन नाई जात? मी म्हटलं, तू एकटी.

"मी हाय ना घरी," ती म्हणाली. "तू जाय."

मी गेले. तिथल्या वसतिगृहात सकाळी जाग आली तेव्हा बाकीच्या बाया आंघोळी करून चहाला निघाल्या होत्या आणि एक जण मला हलवून म्हणत होती, उठा मॅडम, किती झोपता.